कोटाखालची लुंगी

विद्यापीठात गुन्हेशास्त्राचे हळदणकर सर होते. टीव्हीवर कशावरही मत ठोकून द्यायचे. कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसतं, म्हणून वर कोट-टाय आणि टेबलाखाली चौकड्याची लुंगी. हे ठाऊक एकट्या भिवाजी शिपायाला. लुंगीची घडी तोच घालायचा.

एकदा विभागातल्या कुलूपबंद कपाटातून सांगाड्याची कवटी गेली. लगेच चॅनेलवर थेट चर्चा! सर आपल्या खोलीत कॅमेऱ्यापुढं, शेजारी स्टुलावर भिवाजी. दुसऱ्या खोलीतून आरोग्यशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "शिपायाचा हात बघा कसा थरथरतोय. अपराधाचं लक्षण!"

हळदणकर गरजले, "तीस वर्षांचा अभ्यास आहे माझा. निर्दोष माणूस कॅमेऱ्यापुढं ताठ उभा राहतो. हा स्टुलावर बसलाय. चोर हाच! उद्यापासून नोकरी बंद."

भिवाजी दुखरे गुडघे धरत उठला. "घ्या, राहिलो उभा. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडं, एक सरांकडं. आता सर, तुम्ही राहा उभे."

निवेदिका म्हणाली, "हो सर, उठा ना!"

सरांनी खुर्ची घट्ट धरली. "तो... तो अभ्यास जुना झाला. भिवाजी निर्दोष आहे. नोकरी कायम."

"मग चोर कोण, सर?" निवेदिकेनं विचारलं.

भिवाजी पुन्हा स्टुलावर टेकला. "विचारा की बाई. पण बसल्या बसल्याच विचारा त्यांना."