टिकलीचा तीळ आणि लाल दिवा

एक होती मुंगी. तिचे नाव टिकली. पिल्लांसाठी ती तीळ नेत होती. वाटेत दगडूकाकांची जुनी व्हॅन होती. टिकली आत शिरली. तीळ निसटला. टप्प! सीटखालच्या तारेच्या पिवळ्या प्लगात रुतला.

पिल्ले उपाशी. व्हॅन बाजाराला निघालेली. व्हॅन गेली, की तीळ गेला!

"प्लगदादा, प्लगदादा, तीळ सोड."

"सीट सरकते, तार ओढते, मी सैल होतो. ताई मला उघडतील, तर सोडीन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली शेजारच्या गॅरेजात, नफिसाताईंकडे. ताई गाड्या दुरुस्त करतात.

"ताई, ताई, उघडा ना. प्लग सोडेना."

"नाही गं बाई! ती तार एका उशीला जाते. धडक बसली, की उशी फुगते, काकांना वाचवते. बॅटरी जागी असताना हात लावला, तर आत्ताच फुगेल. फाट्! बॅटरी निजेल, तर उघडीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, नीज ना. ताई उघडेनात, प्लग सोडेना."

"पाना माझी तार सोडवील, तर निजेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पानेबुवा, पानेबुवा, फिरा ना. बॅटरी निजेना, ताई उघडेनात, प्लग सोडेना."

"काका किल्ली काढतील, तर फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"काका, काका, थांबा ना. पाना फिरेना, बॅटरी निजेना, ताई उघडेनात, प्लग सोडेना."

"छे छे! समोरचा तो उशीचा लाल दिवा तीनदा लागला. ताईंनी यंत्राने तीनदा विझवला. आता पुन्हा लागला, तरच थांबेन."

घुर्रर्र! व्हॅन थरथरली.

टिकली धापा टाकत वर चढली.

"दिवेदादा, दिवेदादा, लागा ना. काका थांबेनात, पाना फिरेना, बॅटरी निजेना, ताई उघडेनात, प्लग सोडेना."

"अगं, प्लग सैल आहे, हेच तर मी तीनदा सांगितले. कुणी ऐकले का?"

टिंग! टिंग! टिंग! दिवा लालेलाल झाला.

"काका, सीटखाली पाहा!" टिकली ओरडली.

काका थांबले. पाना फिरला. बॅटरी निजली.

"घाई नको, तारेत उरलेली वीज जाऊ दे," ताई म्हणाल्या. सगळे थांबले. पुष्कळ वेळ थांबले.

मग ताईंनी प्लग उघडला. टुप्! तीळ पडला. ताईंनी प्लग घट्ट बसवला. टक्! तार नीट बांधली. बॅटरीला जागे केले. काकांनी किल्ली फिरवली.

दिवा लागला. लालच!

सगळे मोजू लागले. एक... दोन... तीन... चार...

आपणहून विझला!

"मी नुसता दिवाच विझवत बसले हो, काका," ताई म्हणाल्या. "चुकलेच माझे."

टिकलीने तीळ उचलला. तुरुतुरु तुरुतुरु. पिल्लांनी खाल्ला. कुरुम कुरुम.

व्हॅन गेली बाजारी, तीळ पोचला घरी.