एका रुपयात रत्नपट्टण

“पाच मोहरा! एक तांब्या पाण्याला पाच मोहरा!” भैरवगडचे राजे उदाजीराव भर दरबारात गरजले.

रत्नपट्टण नावाचं अफाट शहर बघून राजे कालच परतले होते, आणि त्या शहराने त्यांना अगदी सोलून काढलं होतं. झाडाखाली टेकले, तर सावलीचं भाडं द्यावं लागलं. वाटाड्याने चार मनोरे दाखवून चारांचे पैसे घेतले. मागाहून कळलं, मनोरा एकच, राजांनाच त्याच्यापाशी चार बाजूंनी आणलं होतं! वर एका गोडबोल्या दुकानदाराने तोंड बांधलेलं मडकं गळ्यात मारलं. “यात आमच्या शहराची पहाट भरलीय. घरी गेल्यावरच उघडा!”

राजांनी आता मडकं उघडलं. आत काहीच नाही!

“उडाली वाटतं,” दिवाणजी हळहळले.

“गप्प बसा! आजपासून भैरवगडच्या एकाही माणसाने रत्नपट्टणला जायचं नाही. वेस बंद!”

तेवढ्यात सगुणा कासारीण पुढे आली. तिचा बांगड्यांचा सगळा माल रत्नपट्टणहून यायचा. वेस बंद म्हणजे तिची चूल बंद. विणकरांची, तांबटांचीही तीच गत.

“महाराज, वीस वर्षं मी तिथे जाते. सावलीचं भाडं मला कोणी मागितलं नाही!”

“असं? मग मलाच घेऊन चल!” राजे इरेला पेटले. “तीन दिवस राहायचं, पोटभर जेवायचं, शहर बघायचं. ओळख सांगायची नाही, भीक मागायची नाही. हा घे एक रुपया. तो शहरातच खर्च झाला पाहिजे, आणि शहर सोडताना हाच रुपया माझ्या हातात पडला पाहिजे! जमलं तर वेस उघडी. नाही तर तुझं दुकानही बंद!”

“खर्च केलेला रुपया परत?” दिवाणजींनी डोकं खाजवलं. “महाराज, हे कसं...”

“जमेल,” सगुणाने रुपया कनवटीला लावला. “पण तिथे मी सांगेन तसं वागायचं. आणि महाराज म्हणणार नाही हं. कोंडिबा म्हणेन.”

राजांनी जाडंभरडं धोतर नेसलं, खांद्यावर घोंगडी टाकली. मोहरांची थैली मात्र गुपचूप कमरेला बांधली. न जाणो!

रत्नपट्टणच्या वेशीत शिरतात तोच सातआठ जण धावले. “शेठ, खोली! शेठ, होडी! शेठ, पहाट घ्या, आजचीच आहे!”

“मी नवखा हे यांना कळतं कसं?” राजे कुजबुजले.

“हात रिकामे, मान वर, तोंड उघडं! आणखी काय पाहिजे त्यांना? हे घ्या डोक्यावर.” सगुणाने आपलं अंथरुणाचं गाठोडं राजांच्या डोक्यावर ठेवलं. ओझ्याने मान ताठ झाली, तोंड आपोआप मिटलं. आणि काय चमत्कार! सगळे पांगले.

धर्मशाळेच्या दारात म्हातारा रखवालदार बसला होता. “जागा आधी विचारू नका,” सगुणा हळूच म्हणाली, “गुडघे विचारा.”

“काका, गुडघे कसे आहेत?” राजांनी विचारलं. अर्धा तास गुडघ्यांची कहाणी चालली. मग खिडकीजवळची, वाऱ्याची जागा मिळाली!

दुपारी अन्नछत्रापाशी राजे अडले. “फुकट जेवण? ही तर भीक!”

“मग वाढायला उभे राहा. वाढप्याला कोणी भिकारी म्हणत नाही.”

राजांनी दोनशे पानांवर ताक वाढलं. एक आजी ओरडली, “अरे कोंड्या, वाढतोयस की अभिषेक करतोयस?” राजे जन्मात पहिल्यांदा ओशाळले. मग पंगतीत बसून त्यांनी असा भात चोपला, की वाढप्यांनी पातेलंच पुढ्यात ठेवलं.

पुढचे दोन दिवस उन्हं चढायच्या आत पायी भटकायचं. रस्ता तिघांना विचारायचा, दोघांचं जुळेल तिकडे वळायचं. एकदा तिघांनी तीन दिशा दाखवल्या. राजे चौथीकडे गेले आणि म्हशींच्या गोठ्यात घुसले! गवळणीने हाकलायच्या ऐवजी लोटाभर दूध दिलं. तेवढ्यासाठी राजांना एक रेडकू धरून ठेवावं लागलं. मनोऱ्यापाशी तोच वाटाड्या भेटला. “चार मनोरे दाखवतो!”

“एकच आहे!” राजे डाफरले. “चारदा पाहिलाय मी!”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं वेशीपाशी आली, तेव्हा राजांना एकदम अट आठवली. “सगुणा! रुपया अजून तुझ्याच कनवटीला! खर्चलास तर गेला, नाही खर्चलास तरी हरलीस!”

सगुणा काही बोलणार, तेवढ्यात पहारेकऱ्याने काठी आडवी धरली. “बाई आमच्या ओळखीच्या आहेत. तू कोण रे? पाहुणा असशील तर पाहुणेपट्टी काढ. दहा मोहरा!” त्याने काठीने राजांच्या कमरेला टोचलं. खण्ण! “हे काय?”

“भा... भाकर!”

“भाकर वाजते?”

“शिळी आहे!” राजांनी कमरेवर घोंगडी ओढली. दहा मोहरा! “अहो, मी कसला पाहुणा? मी हमाल! या बाईंचा हमाल! हे काय, गाठोडं डोक्यावरच आहे!”

“मग तसं सांग की!” पहारेकऱ्याने काठी वर केली.

“थांब कोंडिबा,” सगुणा म्हणाली. “हमाल म्हटला की हमाली द्यायलाच हवी. तीन दिवस गाठोडं वाहिलंस. ही घे!” आणि तिने रुपया राजांच्या तळहातावर ठेवला.

राजांनी रुपया उलटसुलट करून पाहिला. तोच होता!

“रुपया शहरातच खर्च झाला, महाराज,” ती हळूच म्हणाली, “आणि तुमच्याच हातात पडला.”

वेशीबाहेर पाऊल पडताच राजे असे खदखदून हसले, की डोक्यावरचं गाठोडं डुलायला लागलं. “हरलो! वेस उघडी! आणि ही थैली तुझी!” त्यांनी कमरेची मोहरांची थैली सोडून सगुणाच्या ओटीत टाकली.

“आता तरी ते गाठोडं खाली ठेवा, महाराज!”

“छे!” राजांनी रुपया मुठीत घट्ट धरला. “हमाली घेतलीय. तुझ्या दारापर्यंत पोचवणार!”