दहा पावलांची गाडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं कधीकधी त्यांचं ऐकतही असत.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात पानमळ्याचा एक मालक राहत होता. माणूस मनाने सोन्यासारखा, पण हौस अशी दांडगी की विचारू नका! साधं पाणी प्यायचं तरी नक्षीचा तांब्या हवा. त्याची बायको मात्र शांत. बिचारीचे गुडघे पार गेलेले. घाटापलीकडच्या गावी तिची धाकटी बहीण दिलेली होती, पण चार कोसांचा घाट चढणार कोण? बारा वर्षं झाली होती बहिणीबहिणींना एकमेकींचं तोंड पाहून.

एके दिवशी घाटापलीकडून सांगावा आला. "आक्का, उद्या नातीची हळद. पहिली हळद तुझ्याच हातची. तू आल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही."

बायकोने पदराने डोळे टिपले. मालक ताडकन उठला आणि म्हणाला, "रडतेस काय? उद्या सकाळी तुला गाडीतून नेतो. अशी गाडी घेतो की गाव बघत राहील!"

गावाच्या वेशीबाहेर, घाट सुरू होतो तिथेच, एका म्हाताऱ्या सुताराचं अंगण होतं. अंगणात चिंच, आणि चिंचेखाली विकायच्या गाड्या. भल्या सकाळी मालक बायकोला आणि आपल्या दोन्ही बैलांना घेऊन तिथे हजर झाला. तरणा बैल हौश्या, आणि म्हातारा ठोंब्या. ठोंब्या फारसं बोलत नसे, म्हणून त्याचं नाव ठोंब्या पडलं होतं.

सुताराकडे तीन तऱ्हेच्या गाड्या होत्या. पहिली साधी, नुसती चाकं आणि बाकं. दुसरीला वर छत. आणि तिसरी? अहाहा! छताला झालर, झालरीला आरसे, बसायला गादी-तक्के, चाकांवर पितळी फुलं, आणि घुंगरं तर इतकी की गाडी उभी असतानाही वाजायची.

"हीच!" मालक म्हणाला. "आणि मागे दोन पितळी मोरही बसवा."

सुताराने दाढी खाजवली. "मालक, वेशीतून जाताना किती पावलं?"

"असतील दहा."

"आणि घाट?"

"चार कोस."

"मग दहा पावलांची गाडी घेताय, की चार कोसांची?"

"दोन्हींची!" मालक हसला. "घाट काय, चढला की संपला."

बायको हळूच म्हणाली, "अहो, मला एक पायरी तेवढी बसवून द्या. गाडीत चढताना गुडघा वर होत नाही."

"पायरी कशाला? मी आहे ना उचलून ठेवायला!"

"बरं, उतारासाठी चाकाला अडसर तरी घ्या," सुतार म्हणाला. "दोरी ओढली की लाकूड चाकाला घासतं आणि गाडी आवरते."

"तो दिसतो कुठे?"

"गाडीखाली असतो."

"मग बघणार कोण? नको!"

सुताराच्या अंगणाची एक रीत होती. गाडी घेणाऱ्याने जू स्वतःच्या खांद्यावर घ्यायचं आणि चिंचेला तीन फेऱ्या मारायच्या. हे ऐकून मालक भडकला. "मी पानमळ्याचा मालक आहे, बैल नव्हे!"

"हौस मालकाची, खांदा आमचा," ठोंब्या पुटपुटला. पण त्याला कोण विचारतो!

सुताराने निमूट मोर बसवून दिले. बायकोला बाज लावून, चौघांनी धरून गाडीत चढवलं. लग्नाची विड्याची पानं चढली. मग एवढा घाट समोर असताना मालकाने गाडी मुद्दाम उलटी गावाकडे नेली, वेशीतून मिरवून आणली. पोरं नाचली, बायका बघत राहिल्या. मालकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग घाट लागला. पहिलं वळण कसंबसं पार पडलं. दुसऱ्या वळणावर ठोंब्याने चारी पाय मुडपले आणि तो खाली बसला.

"ऊठ रे, ठोंब्या!"

"उठतो की," ठोंब्या शांतपणे म्हणाला. "पण मालक, मी पडलो ठोंब्या. एवढे मोर कसे ओढायचे, ते एकदा करून दाखवा."

हौश्या फिस्सकन हसला. मालक चिडला, ठोंब्याला सोडून त्याने स्वतः जू खांद्यावर घेतलं आणि जोर लावला. दहा पावलं, फक्त दहा! मालकाची जीभ बाहेर आली. मागून ठोंब्या रवंथ करत सांगत होता, "मान खाली, मालक. घुंगरं वाजू द्या, छान वाजतायत."

बायको आधी पोट धरून हसली. मग एकदम तिचा आवाज पडला. "अहो, ऊन वर आलं. नवरी पाटावर बसून असेल. धाकटी दारात उभी असेल. या जन्मी काही मी तिकडे पोचत नाही."

तो आवाज ऐकून मालकाच्या काळजात चर्र झालं. आपण हिच्यासाठी गाडी घेतली, आणि हिने मागितलं तेवढंच नेमकं घेतलं नाही! त्याने ठोंब्याला पुन्हा जुंपलं आणि गाडी वळवली.

पण उतारावर गाडी बैलांच्या अंगावर धावू लागली. मालक मागे लोंबकळला, टाचा रोवल्या, धोतर फाटलं, वहाणा झिजल्या. अडसर कुठे दिसतो ते आता त्याला चांगलंच दिसलं.

चिंचेखाली साधी गाडी तयार उभी होती. तिला पायरी बसवलेली, खाली अडसरही लावलेला.

"तुम्हाला कसं कळलं?" मालकाने धापा टाकत विचारलं.

"रोजचंच आहे," सुतार म्हणाला. "पण तुम्ही दुसऱ्या वळणापर्यंत गेलात. बाकीचे पहिल्यावरूनच येतात."

मालकाने न सांगता जू उचललं. चिंचेला तीन फेऱ्या मारल्या. "डावीकडे वळताना जरा आखूड, मालक," ठोंब्या म्हणाला, आणि मालकाने खरंच ऐकलं.

मग चौघांनी धरून खाली उतरवलेली बायको पुढे आली. तिने पायरीवर पाऊल ठेवलं, आणि कुणाचाही हात न धरता गाडीत चढली. स्वतःची स्वतः! तिचा तिलाच विश्वास बसेना. ती खाली उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली.

"अगं, आता चल की!" मालक म्हणाला, पण त्याचेही डोळे भरले होते.

गाडी घाट चढली. अडसर चाकाला घासत घासत पलीकडे उतरली. दिवस कलला होता. नवरी अजून पाटावरच होती, वाटलेली हळद वाटीत सुकत चालली होती. धाकटी दारातून धावली. "आक्का, थांब, तुला उतरवायला माणसं बोलावते!"

"माणसं कशाला?" म्हणत आक्का पायरीवरून एकटी खाली उतरली. बहिणी गळ्यात पडून रडल्या, मग हसल्या. हळदीत थोडं पाणी घातलं, आणि पहिली हळद आक्काच्या हातची लागली. सनई अशी वाजली की हौश्याने ठेका धरला.

गाडीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मालक जरासा खट्टू झाला होता, तेवढ्यात गुडघे धरून एक आजोबा जवळ आले. त्यांनी पायरीवरून हात फिरवला. "अशी कुठं बसवून मिळते हो?"

मालकाची छाती फुगली. "सांगतो. पण आधी जू खांद्यावर घ्यावं लागतं!"

"आणि बैलाला विचारावं लागतं," ठोंब्या म्हणाला.

ती मोरांची गाडी अजून चिंचेखालीच आहे म्हणे. सुताराच्या कोंबड्या तिच्या गादीवर सुखाने अंडी घालतात.

तात्पर्य: गाडी घ्यावी ती वाटेला विचारून, वेशीला विचारून नव्हे.