मडक्यातला शेवटचा निखारा

फार पूर्वी, माळरानावर एक गाव होतं. त्या गावात वर्षातून एकदा सगळ्या चुली विझवायची रीत होती. त्या दिवशी एकाने लांबच्या डोंगरावरच्या देवळातून निखारे घ्यायचे आणि धावत गावात आणायचे. नवा विस्तव आला की घरोघरी चुली पेटत. तोवर सगळं गाव उपाशी, आणि तान्ह्यांचं दूधसुद्धा गार.

निखारे आणायला भोकं पाडलेलं मडकं असे. धावताना वारा लागून निखारे फुलत. थांबलं की त्यांच्यावर राख धरे, आणि फार जोरात धावलं तर ते भराभर जळून संपत. म्हणून वाट लांब असली तरी चाल एकसारखी ठेवावी लागे.

ही पाळी घरटी फिरे. त्या वर्षी ती लोहाराकडे आली, आणि नेमका त्याच्या पायावर घण पडला. विहिरीवर बायका बोलू लागल्या की आता पाळी पुढच्या घराला जाणार, लोहाराकडे धावायला आहे कोण. लोहाराच्या बायकोला ते लागलं. डोक्यावरची घागरही न उतरवता ती म्हणाली, "मी आहे ना. मी धावेन."

घरी पोचेपर्यंत तिचं तिलाच वाटू लागलं, की आपण हे काय बोलून बसलो. पण तोवर ते गावभर झालं होतं.

तिची सासू तरुणपणी तेच मडकं घेऊन धावली होती. ती म्हणाली, "रिकामं मडकं घे आणि उद्यापासून पळायला लाग. आधी ओढ्यापर्यंत, मग रोज थोडं पुढं."

"आत्याबाई, तुमचा नातू नुकताच चालायला लागलाय. दिवसभर त्याच्यामागे धावतेच की मी. आणखी कसला सराव?"

पोर मी सांभाळते, असं म्हणायचं काही सासूला सुचलं नाही. सून एकदोनदा निघाली खरी. पण एकदा पोर रडल्याचा भास झाला म्हणून परतली, आणि एकदा दूध उतू गेलं असेल म्हणून.

तो दिवस उजाडला. देवळापाशी हलगी वाजली, निखाऱ्यांनी भरलेलं मडकं तिच्या हातात आलं आणि बघायला जमलेल्या लोकांनी तिला शाबासकी दिली. तिला जोर चढला. ती अशी सुटली की मडक्यातून ठिणग्या उडू लागल्या. उगीच घाबरत होतो आपण, असं तिला वाटलं.

उतार संपला, हलगी ऐकू येईनाशी झाली आणि पाय जड झाले. पोरामागे दहा पावलं धावायचं, त्याला उचलायचं आणि थांबायचं, एवढंच त्या पायांना ठाऊक होतं. ओढ्याच्या अलीकडे पोटरीत गोळा आला आणि ती मटकन खाली बसली. मडक्यात पाहिलं, तर राख आणि एकच निखारा.

जवळच एक धनगर आगटी पेटवून बसला होता. त्याने तिची अवस्था पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, इथले निखारे घ्या की. निखाऱ्यावर काय गाव लिहिलेलं असतंय होय?"

तिने आगटीकडे पाहिलं. मडकं भरलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. पण वर्षभर गावातली प्रत्येक चूल त्या खोट्यावर पेटली असती, आणि तिच्या घरची सगळ्यात आधी.

"विस्तव नको, दादा," ती म्हणाली. "जरा हात द्या, उठते."

मग तिने तेच केलं जे ती रोज घरी करत असे. निखाऱ्यावर राखेचं पांघरूण घातलं. वाटेत रानशेण्या वेचल्या, त्यांचा तुकडा तुकडा निखाऱ्याला देत, फुंकर घालत ती लंगडत चालत निघाली.

गावात पोचली तेव्हा सूर्य बुडाला होता. पोरं भिजवलेले पोहे खाऊन, कुरकुरत निजली होती. तिचंही मूल सासूच्या खांद्यावर हुंदके देत झोपलं होतं. कुणीतरी म्हणालं, "आली एकदाची. आम्हाला वाटलं, माहेरी गेली."

तिने मडकं खाली ठेवलं. "उशीर माझा आहे. मी सराव केला नाही. विस्तव मात्र डोंगरावरचाच आहे."

सासूने वाकून निखाऱ्यावर फुंकर मारली आणि पहिली चूल पेटली.

उशीर झाला तर पुढच्या वर्षीही पाळी त्याच घराकडे राही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने नातवाला कडेवर घेतलं आणि रिकामं मडकं सुनेपुढे धरलं. "याला मी बघते. तू ओढ्यापर्यंत जाऊन ये."

ती गेली. मग रोज गेली, कधी कंटाळत, कधी कुरकुरत, पण गेली.

पुढच्या वर्षी उन्हं कलायच्या आत ती गावात आली. चाल एकसारखी होती आणि मडकं निखाऱ्यांनी भरलेलं. तिला पाहून पोर वेशीकडे सुसाट धावत आलं, आणि त्याच्यामागे धापा टाकत सासू.

"बाई गं," सासू म्हणाली, "वर्षभर याच्यामागे धावले मी. पण म्हणून मला कुणी डोंगरावर पाठवू नका."

तात्पर्य: घरातली धावपळ म्हणजे लांब धावण्याचा सराव नव्हे. तयारी कमी पडली तर ती कबूल करावी आणि हातातलं खरं जपून आणावं. आणि कुणी सराव करावा असं वाटत असेल, तर आधी त्याचं पोर कडेवर घ्यावं.