दयाळाचं गाणं आणि तीन सॉफ्टवेअरं

एक होता दयाळ पक्षी, एक होती दयाळीण, ढोलीत त्यांची तीन पिल्लं. गाणं रेकॉर्ड करून पाठवलं आणि रानातल्या रेडिओनं ते निवडलं, तर वर्षभर अळ्या घरपोच मिळणार होत्या.

दयाळानं माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी आणली. सोबत रेकॉर्डिंगची तीन सॉफ्टवेअरं फुकट आली. तो रोज एक लावी, एक काढी. गाणं राहूनच जाई.

दयाळिणीचा जीव टांगणीला लागला. ज्येष्ठ सरला की गाण्याचा हंगाम संपणार, आणि याचा गळा मुका!

"अहो, स्थळं बघितल्यासारखी किती बघाल? रेकॉर्डिंगचं लाल बटण ज्यात पटकन सापडलं, ते घ्या."

"फुकटातलं गं ते, धड कसं असेल!"

"मग गळा तरी कुठं विकत आणलात?"

दयाळ हसला, बटण दाबून गायला. गाणं निवडलं गेलं, आणि पिल्लं इतकी गुबगुबीत झाली, की ढोली मोठी बघावी लागली.