फरशीकडे झुकलेले भिंग

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध संकलक राहत असत. संकलक म्हणजे चित्रित केलेल्या तासन्‌तासांच्या दृश्यांतून नको ते कापून हवे ते जोडणारा माणूस. चाळीस वर्षे हेच काम करून ते गावी परतले होते आणि सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली तिशीला टेकलेला एक शिष्य होता. त्याच्याकडे उत्तम प्रतीचा नवा कॅमेरा होता, कसब होते आणि कसब असणाऱ्याला हमखास असते तेवढी घमेंडही होती.

मास्तरांनी त्याला पहिल्याच दिवशी एक शिस्त लावली होती. चित्रण थांबले की कॅमेऱ्याचे भिंग जमिनीकडे झुकवायचे. आता आपल्याकडे कोणी पाहत नाही, हे समोरच्या माणसाला कळले पाहिजे. शिष्य हा नियम काटेकोरपणे पाळत असे.

गावातले मसाल्यांचे व्यापारी मुकुंदशेठ कोठावदे एके दिवशी मास्तरांकडे आले. त्यांच्या आईच्या घशात गाठ निघाली होती. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया होती आणि स्वरयंत्रच काढावे लागणार होते. माणूस वाचेल, आवाज जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. घरात आईचा आवाज कुठेच जपून ठेवलेला नव्हता. तो राहावा, नातवंडांसाठी आशीर्वादाचे चार शब्द राहावेत, एवढीच शेठजींची मागणी होती.

शिष्य गेला. चित्रण सुरू असल्याचा लाल दिवा समोर पेटलेला दिसला की माणसे अवघडतात, म्हणून त्याने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'चित्रण सुरू' असे दाखवणारी अक्षरे चित्रात लुडबुड करतात, म्हणून तीही बंद केली. दोन्ही गोष्टी या धंद्यातले जाणकार करतात, यात वावगे काही नाही. मात्र कॅमेरा सुरू आहे की बंद, हे सांगायला मग फक्त आपले बोट उरते. एकच बटण, एकदा दाबले की सुरू, पुन्हा दाबले की बंद. शिष्याने सुरुवातीला चाचणीसाठी ते दाबले आणि पुन्हा दाबायचे विसरला. तिथून पुढे सगळे उलटे झाले. आजी आशीर्वाद देत होत्या तेव्हा कॅमेरा बंद होता. शिष्य "थांबा" म्हणून भिंग खाली झुकवी, तेव्हा तो चालू होत होता.

हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले, संगणकावर दृश्ये उतरवून घेताना. चाळीस मिनिटे नुसती फरशी, खुर्चीचे पाय आणि आजींची पावले. पदराला लावलेला चिमुकला माईक कॅमेऱ्यालाच जोडलेला होता, त्यामुळे आशीर्वादाचे शब्द गेले, पण या मिनिटांतला आवाज स्वच्छ होता. पुन्हा जाऊन काही करावे तर आजी तोवर जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल झाल्या होत्या.

त्याने कोणाला काही सांगितले नाही. दोन दिवस खपून त्या चाळीस मिनिटांतून आजींची मोजकी वाक्ये वेचली, त्यावर घरातले जुने फोटो लावले, खाली बासरीचे सूर सोडले आणि चार मिनिटांची सुरेख फिल्म तयार केली. स्वतःचा आवाज त्याने कटाक्षाने कापला होता. मग ती मास्तरांना दाखवली आणि मान खाली घालून सगळे कबूल केले.

मास्तरांनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली. सांधे छान बसलेत, असे म्हणाले. मग ती बंद केली आणि मूळची चाळीस मिनिटे जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगितली. एक फ्रेमही गाळायची नाही, अशी ताकीद दिली.

शिष्याला वाटले, हे आपल्याला शिक्षा करताहेत. लोकांना फरशी दाखवायची का, असे त्याने विचारले. निदान आपला आवाज तरी काढू द्या, म्हणून गयावया केली. मास्तर एवढेच म्हणाले, की आजी घरी आल्या की जाऊ, आणि काय घडले ते मुकुंदशेठना तू तुझ्या तोंडाने सांगशील.

तीन आठवड्यांनी दोघे गेले. घराच्या पुढच्या बाजूला दुकान होते. मिरची-धण्याच्या पोत्यांमध्ये उभे राहून शिष्याने सगळे सांगितले.

"उद्या पुन्हा येतो, असंसुद्धा तुम्हाला म्हणता येत नाही," मुकुंदशेठ म्हणाले आणि तोंड फिरवून गादीवर बसले.

मास्तरांनी त्यांच्याकडे एक परवानगी मागितली. जे काही हाती लागले आहे ते आधी आईंना एकट्यांना ऐकवायचे होते. शेठजींनी हातानेच आत जा म्हणून खुणावले.

आजी पलंगावर टेकून बसल्या होत्या, गळ्याभोवती पांढरी पट्टी होती. मास्तर त्यांच्याजवळ स्टुलावर बसले.

"ताई, याचं भिंग खाली होतं म्हणून तुम्ही मोकळेपणानं बोललात. ते तुमच्या नकळत यात आलंय. आधी तुम्ही ऐका. ठेवायचं की पुसायचं, ते तुम्ही सांगा."

आजींनी मान हलवली. मास्तरांनी लॅपटॉप सुरू केला. फरशी दिसू लागली आणि शिष्याचा आवाज आला, "आजी, आता थांबा. मी हात केला की मगच बोला. मधलं काही कामाचं नाही." खोलीत उभ्या असलेल्या शिष्याचे कान तापले. पाठोपाठ आजींचा आवाज आला, "बरं बाबा. तू जेवलास का?" त्यावर शिष्याचे घाईचे "हो, हो." मग आजी, "खोटं बोलू नको. सकाळपासून त्या यंत्रालाच चिकटलायस." आणि मग वरच्या पट्टीत, सबंध घराला ऐकू जाईल अशी हाक, "मुकुंदा! ए मुकुंदा! या पोराला काहीतरी खायला आण रे."

"आलो गं," दुकानातून उत्तर आले.

पावले वाजली आणि साठीतले मुकुंदशेठ दारात येऊन थांबले. आई समोर बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. आपण कशाला ओ दिली हे त्यांना उमगले, तसे त्यांनी चौकटीला हात टेकला आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

लॅपटॉप चालूच होता. त्यात आजी शिष्याला सांगत होत्या, "बोलता येणार नाही, त्याचं काही नाही रे. खूप बोलून झालं. हाक मारता येणार नाही, त्याचं वाटतं." त्यावर शिष्य म्हणत होता, "व्वा, आजी, हेच कॅमेऱ्यापुढे म्हणाल का?" आणि बटणाचा आवाज होऊन दृश्य तुटले.

आजी शिष्याकडे पाहून हसल्या. मग त्यांनी पलंगावर आपल्या शेजारी थाप मारली आणि मुलाला जवळ बसवले. पुसायचे का, हे मास्तरांना पुन्हा विचारावे लागले नाही. उरलेली सगळी मिनिटे आई आणि मुलगा दोघे फरशीकडे बघत ऐकत राहिले.

परतताना शिष्याने विचारले, की तुम्हाला हे असे होणार हे ठाऊक होते का?

"नाही," मास्तर म्हणाले. "मला एवढंच ठाऊक होतं, की ते आपलं नव्हतं. भिंग झुकवून आपण तिला शब्द दिला होता की आता कोणी पाहत नाही. तो शब्द आपल्याकडून मोडला. अशा वेळी आधी विचारायचं असतं आणि तू आधी कापायला बसलास. शिवाय काय कापलंस? तुझी लाज. तुझा आवाज कापला की ती 'जेवलास का' हे कोणाला विचारते? हाक कोणासाठी मारते? तुझ्या फिल्ममध्ये तिचा आवाज होता, पण ती कोणाशीच बोलत नव्हती. माणसाचा आवाज असा एकटा नसतो. तो कोणाकडे तरी निघालेला असतो."

"पण मास्तर, 'मधलं काही कामाचं नाही' हे माझं वाक्य आता त्या घरात कायमचं राहणार."

"राहणार," मास्तर म्हणाले. "राहू दे."

चालता चालता शिष्याने खिशातून फोन काढला आणि आईला लावला. तिने पलीकडून काय रे, काही काम होतं का, असे विचारले. काम काहीच नाही, तू बोल, असे तो म्हणाला आणि मास्तरांच्या दोन पावले मागे राहून ऐकत चालू लागला.

आपल्यालाही घरातून हाका येत असतात. आज त्यांतल्या किती हाकांना आपण ओ दिली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.