साहेबांचं नुकसान

साहेब बोलला की म्हाताऱ्यांना ते खरंच वाटतं, याची तेजलला भारी चीड होती. सातपूरच्या एका कारखान्यात ती आणि तिचे आप्पा एकाच खात्यात कामाला होते. आईला दातांची कवळी बसवायची म्हणून आप्पांना ओव्हरटाइम हवा होता.

मॅनेजर सबनीस गोड आवाजात म्हणाले, "आप्पा, ओव्हरटाइम घेतलात तर टॅक्सच्या वरच्या टप्प्यात जाल. हातात आत्तापेक्षा कमी पडेल. त्यापेक्षा जादा कामाच्या बदल्यात सुट्टी घ्या."

आप्पांनी मुकाट मान डोलावली. घरी बायको भाकरी दुधात कुस्करून गिळतेय, आणि हे मान डोलावतायत!

तेजल म्हणाली, "साहेब, मग तुमचं तर फारच नुकसान होत असेल. आप्पांशी पगार बदला. तुमचं नुकसान आमचं म्हातारं सोसेल."

सगळं खातं हसलं. सबनीस भडकले, "वेडी आहेस का? वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो, अख्ख्या पगाराला नाही!"

"मग आप्पांना काय वेगळा कायदा आहे?"

साहेबांनी चडफडत यादी पुढे केली. आप्पांनी ओव्हरटाइमला नाव दिलं.

बाहेर आल्यावर ते पुटपुटले, "मोठ्या माणसांशी असं बोलू नये गं." मग डोळे पुसत म्हणाले, "आईला कवळीचं तूच सांग. माझ्यानं नाही सांगवणार."